मधली बंदरे

बालाघाट आणि समुद्र यांचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास चटकन उत्तर देणे कठीण आहे. आमच्या गावाजवळून वैनगंगा वाहते. श्रावणात ती रौद्र होते, वैशाखात तिच्या वाळूत मुले खेळतात. परंतु भरती-ओहोटी हे शब्द येथील बाजारात कोणाच्या तोंडी येत नाहीत. मुंबईचा किनारा येथून हजार किलोमीटरांवर. तथापि भरवेली आणि उकवा येथील मँगनीजच्या खाणींनी, जंगलखात्याने आणि रेल्वेने नाना प्रांतांची माणसे येथे आणून वसविली, आणि त्यांत दर्याकाठची काही मोजकी घरेही आली. आमचे घर त्यांपैकीच एक. वडील खाणीच्या कचेरीत नोकरीस लागले आणि पाहता पाहता येथलेच झाले. पोटापाण्यासाठी माणसे सातपुड्याच्या कुशीत आली. त्यांचे देव मात्र मागे खाडीकाठीच राहिले. त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा कुळाचारासाठी गोव्यास जाणे आणि वाटेत आईच्या माहेरी, वेंगुर्ल्यास, उतरणे हा आमच्या घरचा नेमच होता.

ती वाट मोठी गमतीची होती. प्रथम बालाघाटहून गोंदियापर्यंत छोटी लाइन. हिची चाल इतकी संथ की मोहाच्या झाडाखाली वेचणाऱ्या बायकांशी डब्यातल्या बायकांचे दोन शब्द बोलून होत. गोंदियास मोठी गाडी आणि एका रात्रीत मुंबई. मग भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. तीन वाहने, तीन वेग आणि तीन तऱ्हांचे सहप्रवासी. बालपणी आम्हास वाटे की जगातील सर्वच देवळांना जाताना अखेरचा टप्पा पाण्यातूनच पार करावा लागतो. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. आमचा श्रीमंगेश हा मूळचा कुशस्थळीचा. १५६० साली भाविकांनी तो अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून प्रियोळास आणला. ज्यांच्या देवानेच नदी पार केली, त्या समाजास पाण्याच्या प्रवासाचे अप्रूप कसले?

हे सर्व आठवण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्यावर कुटुंबवत्सल प्रवाशांसाठी म्हणून सुंदर, सुसज्ज क्रूझ बोटी आल्या, त्यांचा गाजावाजा झाला, आणि त्यांतील काही पाहता पाहता नाहीशाही झाल्या. भाडी महाग, लोकांना समुद्राची हौस नाही, धक्के धड नाहीत, अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल आमच्या मातोश्रींनी एकाच वाक्यात लावला होता, आणि पुढे जे जे वाचनात आले त्याने त्या वाक्यासच पुष्टी मिळत गेली.

२०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई ते गोवा अशी ‘अंग्रिया’ नावाची बोट सुरू झाली. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव आणि विजयदुर्गापुढील समुद्रात बुडालेल्या प्रवाळबेटाचेही तेच नाव. कोंकणी माणसाचा ऊर भरून यावा असाच योग होता. चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवर तिची छायाचित्रे आजीस दाखविली. दुपारी मुंबई सोडावी, रात्र समुद्रावर घालवावी आणि सकाळी मुरगावास उतरावे अशी योजना. पोहण्याचा तलाव, उपाहारगृहे, शंभरावर खोल्या. आई १९६६ साली वेंगुर्ल्याच्या बंदरातून नवी नवरी म्हणून बोटीत चढली होती. तेव्हा वय एकोणीस. तिने चष्मा पुसून सगळी चित्रे पाहिली, तलावाकडे पाहून किंचित हसली, आणि विचारले, “बोट खंय रावतली?”

म्हणजे बोट कोठे कोठे थांबणार? थांबणार कोठेच नाही, मुंबईस सुटते ती थेट मुरगावास, असे सांगताच तिने भ्रमणध्वनी परत दिला. “तर मग ती आमची बोट नव्हे,” एवढेच म्हणाली, आणि फुलवाती वळू लागली.

तिच्या आठवणीतली बोट थांबत थांबत जाई. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग पणजी. यांतील बहुतेक ठिकाणी धक्क्यापर्यंत पाणी पुरत नसे. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकी, भोंगा वाजे, आणि किनाऱ्यावरून कंदिलांचे ठिपके हलू लागत. मग पडाव येत. लाटेवर पडाव वर आला की खलाशी माणसास उचलून त्यात ठेवी. म्हातारीकोतारी, लेकुरवाळी, फणसांची ओझी, ट्रंका आणि कोंबड्यांचे हारे, सर्वांची गती एकच. मध्यरात्री कोणाची तरी सासू खाली उतरे आणि कोणाची तरी लेक वर येई. डेकवर सतरंजी पसरून जागा धरलेली असे. सोवळे पाळणाऱ्या बायका बोटीवरचे काही तोंडात घालीत नसत. डब्यातले लाडू आणि दडपे पोहे हाच त्यांचा आधार. मराठीत ‘बोट लागणे’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत, धक्क्यास लागणे आणि माणसास लागणे. आई सांगते की जयगडच्या पुढे दुसरा अर्थ आधी अनुभवास येई. पण त्यासाठी लिंबू, ओवा आणि शेजारणीची मांडी हे उपचार जागच्या जागी उपलब्ध असत. डेकवर कुटुंब म्हणजे केवळ आपले कुटुंब नव्हे. गावातली अर्धी आळी तेथे एकत्र निजलेली असे.

त्या प्रवासास आम्ही रम्य म्हणणार नाही. ज्यांनी तो केला ते तसे सहसा म्हणत नाहीत. ज्यांनी नुसता ऐकला तेच म्हणतात. गर्दी होती, दुर्गंधी होती आणि भीतीही होती. स्वदेशीच्या काळात निघालेल्या सहकारी आगबोट कंपनीने आपल्या बोटींना संतांची नावे दिली होती, तुकाराम, रामदास, रोहिदास अशी. आणि त्यांतील ‘तुकाराम’ १९२७ च्या नोव्हेंबरात, तर ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, रेवसकडे जाताना मुंबईपासून जवळच बुडाली. ‘रामदास’बरोबर सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नव्हता. किनाऱ्यावरच्या घरांतून त्यानंतर कित्येक वर्षे पावसाळ्यात पाण्याचा प्रवास म्हटला की थोरली माणसे डोळे वटारीत.

तरीदेखील माणसे बोटीने जात राहिली, कारण बोट त्यांच्या गावास नेत होती. हौस म्हणून त्या बोटीत कोणी चढले नाही. चौगुल्यांच्या ‘कोंकण सेवक’सारख्या बोटी चालल्या, १९७३ साली केंद्र सरकारने खास कायदा करून कोंकणच्या प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या आणि मोगल लाइनने त्या चालविल्या. घाट आणि खाड्या यांनी तुकडे पडलेल्या या प्रदेशात रस्ते सुधारत गेले, खाड्यांवर एकामागून एक पूल झाले, एस. टी. गावागावात पोचली, तसतशी एकेका बंदराची गरज सरत गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुनी सेवा बंद झाली. पुढे १९९० च्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान बोट काही वर्षे मुंबई-गोवा धावली. तीही मधल्या बंदरांसाठी नव्हतीच. आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोंकण रेल्वे सलग सुरू झाली, तेव्हा उरलासुरला प्रश्नही संपला.

आता पैशाचा विचार. ‘अंग्रिया’चे भाडे दर माणशी चार हजारांच्या पुढे होते आणि चांगल्या खोलीस ते बरेच चढे. आमच्या घरची माणसे सात. त्यांत एक सोमवार करणारी, एक मधुमेही आणि दोन लहान. सात जणांचे भाडे, शिवाय गोंदिया-मुंबईचे, शिवाय मुरगावाहून मंगेशीस जाण्याची मोटार. कोंकणकन्येच्या शयनयानात तोच प्रवास तितक्याच रात्रीत, माणशी काही शेकड्यांत होतो. कोणी म्हणेल, बोटीच्या भाड्यात नुसता प्रवास नव्हे, आनंदही धरलेला आहे. मान्य. परंतु आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंब आनंदासाठी निराळे पैसे काढीत नाही. ते प्रवासाच्या पैशांतच आनंद बसविते. देवदर्शन, माहेर, लग्नकार्य आणि समुद्रस्नान हे सर्व एकाच रजेत आणि एकाच खर्चात उरकणे ही आपली रीत आहे. शिवाय क्रूझवर दोघांची एक खोली, चौघांची एक खोली अशी वाटणी होते. जे कुटुंब एकत्र नेण्याची जाहिरात होते तेच दार बंद होताच विभागले जाते. आजी कोणाच्या खोलीत, हा प्रश्न डेकवर उद्भवत नव्हता.

पंचांगाचीही एक अडचण आहे, आणि तिचा उच्चार आम्ही फारसा कोठे ऐकला नाही. कोंकणात माणसांचा सर्वांत मोठा लोंढा उतरतो तो गणपतीस. मुंबईची घरे ओस पडतात, गाड्यांची आरक्षणे काही क्षणांत संपतात, महामार्गावर मोटारींची रांग लागते. परंतु भाद्रपद म्हणजे खवळलेल्या दर्याचे दिवस. नारळी पौर्णिमेस नारळ वाहिला तरी समुद्र लगेच निवळत नाही. जुन्या काळीही गणपती लवकर आले तर बोटी सुरू झालेल्या नसत, आणि उशिरा आले तर पहिल्याच फेऱ्यांना झुंबड उडे. ज्या आठवड्यात कोणतीही बोट गच्च भरली असती, नेमक्या त्या आठवड्यात बोट बंदरात बांधलेली. जत्रांचे मात्र तसे नाही. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीस, मंगेशीची माघी पौर्णिमेस, कुणकेश्वरची महाशिवरात्रीस, आंगणेवाडीचीही याच सुमारास. हे सर्व दिवस शांत समुद्राचे. देवांनी आपल्या जत्रा जणू गलबतांच्या सोयीने ठेवल्या. कुणकेश्वर तर समुद्राच्या अगदी काठावर उभा आहे. पण कुणकेश्वरच्या यात्रेकरूस मुरगावास उतरवून काय उपयोग?

ही ‘अंग्रिया’ पूर्वी कोण होती, हे वाचले तेव्हा आम्ही थक्क झालो. १९९७ साली जपानात बांधलेली ही बोट तेथे ‘ओगासावारा मारू’ या नावाने टोकियोहून ओगासावारा बेटांकडे जाई. ही बेटे टोकियोपासून सुमारे हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात आहेत. तेथे विमानतळ नाही. बोटीस सुमारे एक दिवस लागतो, आणि तिच्यावाचून तेथे जाण्याची वा तेथून येण्याची दुसरी नित्याची वाट नाही. भाजी, टपाल, रोगी, शिक्षक, परत येणारी मुले, हौशी प्रवासी, सारे त्याच बोटीतून. जवळजवळ वीस वर्षे ती त्या बेटांची जीवनवाहिनी होती. तेच पोलाद, तेच जिने. येथे आल्यावर मात्र तिला प्रवासी शोधावे लागले. दोष बोटीचा म्हणता येत नाही. तेथे बेटावरची माणसे तिची वाट पाहत होती. येथे मधल्या एकाही बंदरात तिची वाट पाहणारे कोणी नव्हते, कारण ती तेथे येतच नव्हती.

नॉर्वेचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. तेथे ‘हुर्तिग्रूतेन’ नावाची किनारी सेवा १८९३ पासून चालू आहे. बर्गेनपासून उत्तरेच्या किर्केनेसपर्यंत ती चौतीस बंदरे घेते. काही बंदरांत जेमतेम पाव तास थांबते, काही मध्यरात्री येतात. जगभरचे धनिक प्रवासी आज तिच्यावरून ध्रुवप्रकाश पाहण्यास जातात आणि भरपूर पैसे मोजतात. परंतु खालच्या मजल्यावर माल असतो, आणि एका बंदरात चढून पुढच्या बंदरात उतरणारी गावकरी मंडळीही त्याच बोटीत असतात. सरकार त्या सेवेसाठी करार करून पैसे देते. सहल ही तेथे नित्याच्या वाहतुकीच्या खांद्यावर बसून जाते. आपण मूळ वाहतूक मरू दिली, मध्ये तीस वर्षे लोटली, आणि मग नुसती सहल पाण्यात सोडली. तिला खांदा देण्यास खाली कोणी उरले नव्हते.

प्रादेशिक बंदरातील माणूस क्रूझचा प्रवासी का होत नाही, हे यातच आले. मुंबईत कोटींनी माणसे आहेत; त्यांतील काही शे जणांस समुद्रावर रात्र काढण्याची इच्छा होणे अशक्य नाही. परंतु रत्नागिरीच्या वा वेंगुर्ल्याच्या माणसास समुद्र पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. तो त्याच्या परसात आहे. मुरगावची गोष्टही तीच. तेथे परदेशी क्रूझ बोटी लागतात, त्यांतील पाहुणे वातानुकूल बसमधून जुन्या गोव्याची चर्चे पाहतात, मंगेशीच्या दीपस्तंभापुढे छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या आत बोटीवर परततात. त्यांचे स्वागतच असो. देवाच्या दारी कोणी परका नाही. परंतु त्या बोटीत मुरगावाहून चढणारे किती? जो जेथे चढतो तेथेच परत उतरतो, अशा प्रवासाची गरज भासावी लागते, आणि छोट्या बंदरात ती सहसा भासत नाही. जबलपूरजवळ बर्गीच्या जलाशयात नातवंडांस नौकेतून फिरवून आणले तेव्हा आम्हीही तसेच चढलो तेथेच उतरलो. पण ती घटकाभराची गोष्ट आणि खर्च भेळेच्या हिशेबातला.

२०१९ च्या माघात आम्ही गेलो ते आगगाडीनेच. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तेथून कोंकणकन्या, सावंतवाडीस उतरून वेंगुर्ले. आईस गाडीत खिडकी मिळाली होती. पण बोगदे फार, त्यामुळे समुद्र कोठे दिसतो हे शोधण्यातच तिचा वेळ गेला. वेंगुर्ल्यास सातेरीचे दर्शन घेऊन ती बंदरावर आली. धक्क्यावर मासेमारीच्या होड्या होत्या, टेकडीवर दीपगृह होते, काही तरुण पर्यटक सूर्यास्ताची वाट पाहत होते. कोणत्या दिशेस बोट उभी राही हे तिने हाताने दाखविले. पडावात बसताना तिच्या धाकट्या भावाने तिची ट्रंक धरली होती आणि लाटेने ट्रंकेचा एक कोपरा भिजला. आतल्या शालूवर त्याचा डाग आहे, तो आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. तो कशाचा हे मात्र आम्हास त्या दिवशी कळले. नंतर आम्ही मोटारीने मंगेशीस गेलो आणि पौर्णिमेचा रथ पाहिला.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. २०२० साली कोरोनाच्या साथीत जगभरच्या प्रवासी बोटी थांबल्या; ‘अंग्रिया’च्या फेऱ्याही तेव्हा थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. २०१९ च्या एप्रिलात मोठ्या थाटाने आलेली जालेश कंपनीची ‘कर्णिका’ दीड वर्षात बंद पडून अलंगच्या भंगारात गेली. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोचीकडे फेऱ्या करीत आली आहे. पण ती मोठ्या शहरांची आणि दूरच्या बेटांची बोट. आमची मधली बंदरे तिच्याही वाटेवर नाहीत. उलट १५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या ऐन तोंडावर, भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास सुरू झालेली रो-रो बोट पाहावी. मोटारीसह चढावे आणि तासाभरात अलिबागच्या वाटेस लागावे. तिच्यावर ना तलाव ना नाचगाणे. ती टिकली, कारण मांडव्यास उतरून पुढे कोणाला तरी कोठे तरी जायचे असते.

२०२५ साली तशीच रो-रो बोट मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गापर्यंत नेण्याची घोषणा झाली. बातमी चिरंजीवांनीच वाचून दाखविली. आईचे वय आता अठ्ठ्याहत्तर. ऐकू थोडे कमी येते. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली की विजयदुर्ग म्हणजे तेच विजयदुर्ग. तेथून वेंगुर्ले अद्याप शंभर किलोमीटरांच्या आसपास राहते, मध्ये देवगड आणि मालवण ही दोन बंदरे येतात, हे आम्ही नकाशावर दाखवू लागलो. तिला नकाशाची गरज नव्हती. विजयदुर्गानंतर देवगड रात्री किती वाजता येई आणि मालवणास पडाव येण्यास का उशीर होई, हे ती नातसुनेस सांगत बसली होती.